तिकीट काढणारा वेगळा, धावणारा वेगळा

आमच्या लोणारात आकाशातून थेट उतरलेली आजवर एकच गोष्ट, ती म्हणजे उल्का. तिला ना मुंबईला टर्मिनल बदलावं लागलं, ना दुबईला सिक्युरिटीच्या रांगेत पट्टा काढून उभं राहावं लागलं. आपल्यासारख्यांना मात्र लांब जायचं म्हणजे वाहन बदलणं आलंच. गावाला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. मेहकर, जालना, संभाजीनगर (म्हणजे जुनं औरंगाबाद), मुंबई अशा पायऱ्या चढत माणूस एकदाचा विमानात बसतो. पुढे अमेरिका किंवा इंग्लंड असेल तर बहुतेक वेळा वाटेत आणखी एक अगडबंब विमानतळ असतोच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावातल्या बऱ्याच घरांतली पोरं बाहेर गेली आणि आता त्यांचे आईवडील तिकडे जाऊ-येऊ लागले आहेत. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाचं नुसतंच "या ना एकदा बघायला". मी काही ट्रॅव्हल एजंट नाही. निवृत्त शिक्षक, थोडंफार इंग्रजी वाचतो आणि लेकीकडे दोन-चार वेळा जाऊन आलोय, एवढंच भांडवल. पण तेवढ्यावर मंडळी तिकिटाचा कागद घेऊन दारात येतात. "सर, हे पाहा बरं, पोरानं पाठवलंय. कुठं उतरा लागते ते सांगा." मग चहा होतो, चष्मा निघतो आणि आम्ही दोघं मिळून तो कागद वाचतो.

असे कागद वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज इथे मांडतो. तिकीट काढणारा एक असतो आणि विमानतळावर धावणारा दुसराच. काढणारा पस्तिशीचा, लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून बसलेला, महिन्यातून दोनदा विमानात बसणारा. धावणारा सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, "गेट चेंज्ड" हे शब्द वाचून चार माणसांना विचारणारा. दोन विमानांमधला वेळ ठरवतो पहिला, आणि तो पुरला नाही तर भोगतो दुसरा. म्हणून माझं म्हणणं इतकंच की हा वेळ धावणाऱ्याच्या पायांनी मोजावा, काढणाऱ्याच्या नव्हे.

आमच्या नात्यातल्याच एका जोडप्याची गोष्ट सांगतो. (नावं सांगत नाही, ते हे वाचतात!) पोरानं तिकीट काढलं, मुंबईहून युरोपातला एक मोठा विमानतळ आणि तिथून शिकागो. मध्ये एक तास वीस मिनिटं. पहिलं विमान पस्तीस मिनिटं उशिरा उतरलं. काकूंसाठी व्हीलचेअर सांगितलेली होती, ती येईपर्यंत दोघं विमानाच्या दारात उभे. पुढे सिक्युरिटीत काकूंच्या पिशवीतली लोणच्याची बरणी बाजूला काढली गेली आणि तिच्यावरून पाच-दहा मिनिटं गेली. गेटवर पोचले तर गेट बंद. तिकीट एकच होतं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली, पण त्या देशाचा व्हिसा नाही म्हणून बाहेर हॉटेलात जाता येईना. रात्र खुर्च्यांवर काढली. काकांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, ती बॅग विमानतळाच्या पोटात कुठेतरी. विमानतळाचं वायफाय मोबाईलवर ओटीपी मागत होतं आणि लोणारचं सिमकार्ड तिथे मुकं झालं होतं. चौदा तास पोराला आईबाप कुठे आहेत ते कळलं नाही. नंतर पोराचं म्हणणं काय, तर "मी स्वतः त्याच विमानतळावरून कितीदा तरी गेलोय, एवढा वेळ पुरतो."

पुरतो ना! त्याला पुरतो. प्रश्न तोच तर आहे.

तिकिटाच्या वेबसाईटनं दाखवलं म्हणजे तेवढा वेळ पुरेसा असणारच, असं बऱ्याच जणांना वाटतं. तर ही भानगड नीट समजून घेऊ. प्रत्येक विमानतळाचा 'किमान कनेक्शन वेळ' ठरलेला असतो. देशी विमानातून परदेशीत जायचं असेल तर एक आकडा, टर्मिनल बदलायचं असेल तर दुसरा. त्याहून कमी अंतराची दोन विमानं जोडून एका तिकिटावर विकली जात नाहीत. व्हिएन्नासारख्या आटोपशीर विमानतळावर हा आकडा अर्ध्या तासाच्या आसपासही असतो, लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल बदलायचं तर दीड तासापर्यंत जातो. पण शब्द नीट वाचा. किमान! म्हणजे सगळं सुरळीत असेल तर पोचता येईल अशी खालची मर्यादा. पस्तीस टक्क्यांना पास असतं म्हणून कुणी पोराला पस्तीसच टक्क्यांपुरता अभ्यास कर म्हणून सांगत नाही. शिवाय हा आकडा ठरवताना समोर असतो तो सर्वसाधारण प्रवासी. आपली आई सर्वसाधारण चालीनं चालते का, हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

आता हिशेब करू. समजा मध्ये दोन तास आहेत, म्हणजे १२० मिनिटं. ऐकायला ऐसपैस वाटतात. विमान २० मिनिटं उशिरा आलं, ही काही मोठी गोष्ट नाही. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना साधारणपणे सगळे उतरल्यावर उतरवतात, त्यात २५ मिनिटं गेली. पुन्हा सिक्युरिटी, ३० मिनिटं. आणि तिकिटावर लिहिलेली वेळ ही विमान सुटण्याची असते, गेट त्याच्या १५-२० मिनिटं आधीच बंद होतं. उरली २५ मिनिटं. त्यात टर्मिनलमधली रेल्वे, सरकते जिने, वाटेत एकदा बाथरूम, आणि 'बी' की 'डी' हा गोंधळ. एवढं करून गेट तिसऱ्याच टोकाला असायचं!

व्हीलचेअर सांगितली की प्रश्न मिटला, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर जे घडलं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध जोडप्यानं दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, त्या वेळी एकच मिळाली. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ चालत निघाले. बातम्यांप्रमाणे इमिग्रेशनपर्यंत सुमारे दीड किलोमीटर चालले, तिथे कोसळले आणि गेले. त्या प्रकरणात विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. दीड किलोमीटर म्हणजे आपल्या विवराच्या या काठापासून त्या काठापर्यंतच्या अंतराहून थोडंसंच कमी. त्यांना तर पुढचं विमान पकडायची घाईही नव्हती. खुर्ची सांगावीच, सुटण्याच्या निदान ४८ तास आधी सांगावी, पण ती यायला वेळ लागेल हेही धरून चालावं. खुर्चीमुळे पाय वाचतात, मिनिटं वाचतीलच असं नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कला उतरून पुढे डॅलसला जायचं असेल तर इमिग्रेशन डॅलसला नाही, न्यूयॉर्कलाच होतं. जिथे अमेरिकेच्या जमिनीवर पहिलं पाऊल पडतं तिथेच. व्हिजिटर व्हिसावाल्यांची रांग कधी अर्ध्या तासात सरकते, कधी दोन तास हलत नाही. मग बॅगा पट्ट्यावरून उचला, कस्टम्समधून काढा, पुन्हा जमा करा, पुन्हा सिक्युरिटी. बॅगेला मुंबईहूनच डॅलसची चिठ्ठी लावलेली असली तरी जवळजवळ नेहमीच हे करावं लागतं. अबू धाबीहून जाणाऱ्या काही विमानांची गोष्ट निराळी. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतात. म्हणजे तिथला थांबा मोठा हवा, आणि पुढे अमेरिकेत उतरल्यावर मोकळं. परत येतानाही तीच तऱ्हा, मुंबईत इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स आणि मग संभाजीनगरचं विमान.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. दोन वेगळी तिकिटं. संभाजीनगर-मुंबई एका साईटवरून स्वस्तात, मुंबई-लंडन दुसऱ्या साईटवरून स्वस्तात, पाच-सात हजार वाचले म्हणून पोरगं खूश. पण एका तिकिटावर दोन्ही विमानं असली तर पहिल्याच्या उशिरानं दुसरं चुकल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त 'न आलेले प्रवासी'. तिकीट बुडालं, नवं काढा, तेही त्या दिवसाच्या भावानं. वाचवलेले पाच-सात हजार कुठल्या कुठे वाहून जातात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांच्या वेळी इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली होती. तेव्हा वेगळ्या तिकिटांवर पुढे परदेशी जाणाऱ्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

मुंबईचं तर बघूच नका. इथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तेवढ्यावर डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली होती. कौतुक आहेच, पण इतक्या घट्ट विणलेल्या वेळापत्रकात सकाळी एक टाका सुटला की संध्याकाळपर्यंत उसवत जातो. त्यात टर्मिनल दोन. एक सांताक्रूझच्या बाजूला, दुसरं सहारला, मध्ये रस्त्यानं काही किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो दोन्हीकडे थांबते, मध्ये एकच स्टेशन. तरुण माणूस पाठीला सॅक लावून मजेत जाईल. तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा आणि एक डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सत्तरीतले दोघं कसे जातील? आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आता तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून भागत नाही. जुन्याची खूण 'बीओएम', नव्याची 'एनएमआय'. एकात उतरून दुसऱ्यातून उडायचं असेल तर मध्ये खाडी आणि अख्ख्या मुंबईची ट्रॅफिक आहे, हे लक्षात ठेवा.

आणि मंडळी, आपलं पहिलं कनेक्शन मुंबईत नसतं, लोणारच्या स्टँडवर असतं! संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून मुंबईला विमानं मोजकीच. जालना नव्वदेक किलोमीटर. तिथून मुंबईला जायला डिसेंबर २०२३ पासून वंदे भारतही आहे (२०२५ पासून ती नांदेडहून येते). समृद्धी महामार्ग तर जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. मेहकरला चढलं की थेट भिवंडीजवळ आमणेपर्यंत. समृद्धीवरचे तास घड्याळ लावून मोजता येतात. आमणे ते सहार किती वेळ लागेल, हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अमेरिकेत बसलेल्या पोराच्या हिशेबात हा तुकडा नसतोच. त्याच्या लेखी प्रवास सुरू होतो मुंबईला. आईबापांच्या लेखी तोवर अर्धा दिवस आणि अर्धी ताकद संपलेली असते.

आमच्या आधीच्या पिढीला हे आपसूक कळत होतं. एसटी सहाची असेल तर पाचला स्टँडवर. आम्ही पोरं हसायचो. पण त्या तासाभरात तिकिटाची, जागेची, चुकलेल्या टांग्याची सगळी चिंता मुरून जायची. आणि एसटीचं एक बरं, सहाची चुकली तर आठची असते. शिकागोचं विमान बऱ्याचदा थेट दुसऱ्या दिवशी.

म्हणून काय, बारा-बारा तासांचे थांबे घ्यायचे? मुळीच नाही. इथे माझं काही सावध नातेवाइकांशीही जमत नाही. रात्रभर एसीत कुडकुडत लोखंडी खुर्चीवर बसणं ही म्हाताऱ्या माणसाला शिक्षाच आहे. पाय सुजतात, गोळ्यांच्या वेळा चुकतात, झोप लागली तर गेट बदलल्याची सूचना ऐकू येत नाही. पुरेसा वेळ म्हणजे जास्तीत जास्त वेळ नव्हे. चालत जाऊन, बाथरूमला जाऊन, घोटभर चहा घेऊन, गेटसमोर अर्धा तास निवांत बसता येईल एवढा वेळ.

माझा आपला ठोकताळा असा. एकाच तिकिटावर, परदेशातल्या मोठ्या विमानतळावर, वयस्कर माणसांसाठी तीन ते चार तास. अमेरिकेत उतरून पुढे दुसरं विमान असेल तर चाराच्या खाली नको. मुंबईत वेगळी तिकिटं असतील तर सहा तासही मला कमी वाटतात. आदल्या दिवशीच मुंबई गाठून कुणा नातेवाइकाकडे किंवा साध्या लॉजवर मुक्काम करावा. पुढचं विमान त्या दिवसाचं शेवटचं नसेल असं बघावं, म्हणजे चुकलंच तर त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा राहते. वाटेतल्या देशात नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का, ते तिकिटाआधी विचारावं. दोन दिवसांच्या गोळ्या, स्वेटर आणि पोराचा नंबर कागदावर लिहून खांद्यावरच्या पिशवीत. आणि लोणचं मोठ्या बॅगेत!

पोरांचीही बाजू आहे, ती मला दिसते. रजा मोजक्या, भाडी भयंकर, आणि तीन तासांच्या थांब्याचं तिकीट कधी कधी माणशी दहा हजारांनी महाग. सगळ्यांनाच ते झेपत नाही. पण एक विचारतो. हेच तिकीट स्वतःसाठी असतं, सोबत दोन वर्षांचं लेकरू असतं, तर तुम्ही एक तास वीस मिनिटं घेतली असती का? नसती ना? लेकराच्या वेळी आपण सगळं लेकराच्या चालीनं धरतो, दूध, झोप, शी-शू सगळं. आईबाप मात्र कालपरवापर्यंत आपल्यापुढे चालत होते, म्हणून अजून तसेच चालतात असं आपण धरून बसतो. दूर राहिलं की हे फार होतं. व्हिडिओ कॉलवर माणूस बसलेला दिसतो, चालताना दिसत नाही.

म्हणून बाहेरगावच्या आमच्या सगळ्या भाच्या-पुतण्यांना एक कसोटी सांगून ठेवतो. पुढच्या वेळी लोणारला याल तेव्हा आईबाबांना घेऊन सरोवरात कमळजा देवीच्या दर्शनाला उतरा. पुढे पळू नका, त्यांच्या मागे मागे चाला. कुठे थांबतात, कुठे हात धरतात, चढताना किती वेळा श्वास घ्यायला उभे राहतात, ते बघा. मनातल्या मनात घड्याळ लावा. आणि मग वर येऊन, धारेचं पाणी तोंडावर मारून, त्यांचं तिकीट काढा.